क्रूझ सुटलंच नाही

५ नोव्हेंबर, बुधवार

आज उजव्या पायातली चप्पल रस्त्यात गळून पडली आणि मला कळलंही नाही. मंदिराच्या चौकापासून घरापर्यंत तसाच आलो. भानुमतीनं दार उघडलं. तिनं आधी माझ्या पायाकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

"एक चप्पल कुठंय?"

"अंगठा तुटला. टाकून दिली."

थोड्या वेळानं दुधाचं निमित्त काढून मी परत गेलो. चप्पल रसवंतीसमोर पडलेली, अंगठा धडधाकट. रसवंतीवाला म्हणाला, "काका, लई हाका मारल्या तुमाला." ऐकू आलं नाही म्हणून सांगितलं. बहिरा ठरलो तरी चालेल, असं त्या क्षणी वाटलं. टाकून दिली म्हणून घरी सांगून बसलो होतो, त्यामुळं ती चांगली चप्पल खरोखरच कचराकुंडीत टाकावी लागली.

हे कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून लेकीनं, चारुतानं, नागपूरहून दिवाळीत पाठवलेल्या या डायरीत लिहितोय.

साखर बरीच वर्षं आहे. गेल्या उन्हाळ्यापासून पायाला जाड मोजा घातल्यासारखं वाटतं, उजव्याला जास्त. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. सांगितलं की ते पहिला प्रश्न विचारणार, गाडी कोण चालवतं? पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की माझंच दार वाजतं. वडील आयुष्यभर सायकलवर पूजा सांगत फिरले. घरात गाडी आणली ती मी. ती चालवता येत नाही म्हणून सांगायचं म्हणजे काय सांगायचं?

८ नोव्हेंबर, शनिवार

काकासाहेबांना घेऊन हर्सूलला त्यांच्या साडूकडं गेलो होतो. काकासाहेब समोरच राहतात, फुलंब्रीकडं शेती आहे, पण गाडी चालवायचा त्यांना कंटाळा. येताना सिग्नलला मी खाली वाकून पाहिलं की पाय कुठल्या पेडलवर आहे. हल्ली पाहावं लागतं.

"काय पडलं का श्रीनिवासराव?"

"चष्म्याचं कव्हर."

पुढं गाडी दोनदा आचके देत उचलली. काकासाहेब हसले. "आज गाडीशी भांडण झालं व्हय?" मग बोलता बोलता त्यांनीच सांगितलं की पुतण्याच्या नव्या गाडीत क्रूझ कंट्रोल आहे. वेग एकदा ठरवून दिला की गाडी आपली आपण पळते, ॲक्सिलरेटरवर पायच ठेवावा लागत नाही. जुन्या गाडीलाही बसवून देतात म्हणे. उस्मानपुऱ्यात त्यांच्याच गावाकडचा एक जण आहे, गोकुळ नावाचा.

पायच ठेवावा लागत नाही, हे वाक्य दिवसभर डोक्यात आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

गोकुळच्या दुकानात जाऊन आलो. तिशीचा असेल. दुकान लहान आहे पण नीटनेटकं, वायरचे तुकडेसुद्धा जमिनीवर नाहीत. वाळूजच्या कारखान्यात तपासणी विभागात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळं माणूस कसं काम करतो ते मी आधी जमिनीवर बघतो. मला तो पसंत पडला.

त्यानं डबा दाखवला. एवढासा. ॲक्सिलरेटरच्या पेडलची जोडणी काढायची, मध्ये हा बसवायचा, ब्रेक आणि क्लचच्या वायरी याला द्यायच्या. स्टेअरिंगपाशी बटणं.

"लई सोपं हाय काका. ब्रेकला पाय लागला की क्रूझ सुटलं, म्हंजी बंद झालं. क्लचला लागला तरी सुटलं. न्हाईतर हे बटण दाबायचं."

मग त्यानं विचारलं, "लांबचा प्रवास असतो का?" मी म्हणालो, मुलगी नागपूरला आहे, नात दोन वर्षांची आहे, समृद्धी महामार्गानं जायचं असतं. खोटं नाही ते. "गुडघा दुखतो थोडा," असं पुढं जोडलं, ते मात्र खोटं. गुडघा दुखणं शोभतं. वयाला साजेसं आहे.

घरी भानुमतीला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"म्हणजे पाय लागतच नाही?"

"ॲक्सिलरेटरला नाही लागत. ब्रेकला लागतो."

"ब्रेकला लागतो," ती म्हणाली आणि पोळी उलटली.

तिला यंत्रातलं काही समजत नाही. हल्ली तिचं लक्षही नसतं. माझ्या अंघोळीच्या बादलीत न विचारता गार पाणी मिसळून ठेवते. आज त्यावरून मी तिच्यावर ओरडलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

डबा बसला. गोकुळ त्याला मोड्युल म्हणतो. दिवसभर गोकुळच्या दुकानात स्टुलावर बसून होतो. तो डॅशबोर्डखाली उताणा पडून काम करत होता, मी वरून चुका काढत होतो. एका ठिकाणी वायर घासेल म्हणालो, तर त्यानं मुकाट्यानं सगळं सोडून पुन्हा बांधलं. त्याची बायको सोनिया डबा घेऊन आली. "काका किती बारीक बघतात," असं ती त्याला म्हणाली. तो म्हणाला, "असं बघणारं गिऱ्हाईक पायजे. उद्या काय झालं तर काका सांगतील, काम चोख होतं म्हणून."

जळगाव रस्त्यावर नेऊन आणली. वेग धरला, बटण दाबलं, पाय काढून घेतला. गाडी पळत राहिली. पाय जमिनीवर टेकवून मी गाडी चालवत होतो, आणि गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला पाय असल्याची लाज वाटली नाही.

काकासाहेबांनीही आपल्या गाडीला बसवायचं ठरवलं. गल्लीतल्या आणखी दोघांनी नंबर घेतला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहिता आलं नाही. नीट लिहितो.

रविवारी सकाळी भानुमती आणि मी समृद्धीवर निघालो. नागपूरच्या आधी एक चाचणी म्हणून जालन्यापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं होतं. मी एकटाच जाणार होतो, पण ती पदर खोचून शेजारी येऊन बसली. जाताना छान गेलो. ती खिडकीबाहेर पाहत होती, एका हातानं दारावरचं हँडल धरून. मी म्हणालो, हात सोड, गाडी विमानासारखी चालली आहे. तिनं सोडला नाही.

परतताना सावंगीला उतरायच्या आधी गोकुळनं सांगितल्याप्रमाणं मी बटण दाबून क्रूझ बंद केलं. उताराला गाडी लागली. समोर टोलची रांग होती. मी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी पळाली. भानुमती ओरडली, "अहो ब्रेक, ब्रेक." मी दाबतच होतो, जीव खाऊन दाबत होतो, आणि जितकं दाबावं तितकी गाडी पुढं जात होती. समोर कोबीनं भरलेला पिकअप उभा होता.

पिकअपवाल्याला काही झालं नाही. मला काही झालं नाही. भानुमतीच्या खांद्याचं हाड मोडलं, गळ्याजवळचं. पट्ट्यानं वाचली म्हणतात. कोबीचे गड्डे रस्त्यावर घरंगळत होते आणि ती एका हातानं दुसरा हात धरून शांत बसली होती. रडली नाही. माझ्याकडं पाहिलंही नाही.

आमच्या मागं एक टेम्पोवाला होता. तो धावत आला. "चाचा, तुम्हारी ब्रेक लाइट जलीच नै," म्हणाला. "मैं पीछेच था. एक बार बी नै जली."

म्हणजे उघडच आहे. त्या डब्यानं ब्रेकची वायरच मारली. ब्रेक डब्यापर्यंत पोचलाच नाही, म्हणून क्रूझ सुटलं नाही. गोळा झालेल्या लोकांना मी तसंच सांगितलं. दवाखान्यात काकासाहेब आले, त्यांनाही तेच सांगितलं. क्रूझ सुटलंच नाही. सगळ्यांना लगेच पटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज गोकुळ दवाखान्यात आला. दारातच उभा राहिला. हातात शहाळं होतं. आत ये म्हटलं तर चप्पल बाहेर काढून आला.

"काकू, माझा हात चुकला असंल," तो म्हणाला. "कुठं चुकला ते समजंना. पण चुकला असंल."

भानुमती म्हणाली, "तुझा काही दोष नाही रे बाळा."

तिचा स्वभावच तसा आहे. स्वतःचं हाड मोडलं तरी दुसऱ्याचं मन राखायचं. पण ते ऐकून तो पोरगा घळाघळा रडायला लागला. खोलीतले इतर लोक बघायला लागले. मी त्याला बाहेर नेलं, कँटीनमध्ये चहा पाजला. पाठीवर हात ठेवून म्हणालो, "होतं असं. पुढं काळजी घे."

असं बोलून गेलो. रविवारी मी बटण दाबलं होतं, क्रूझ आधीच बंद होतं, हे तेव्हा चहाचा पेला हातात असताना आठवलं. आठवलं म्हणजे विसरलो नव्हतोच, वरच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे. बंद असलेलं क्रूझ सुटणार कुठून? पण डबा बिघडला तर बंद असूनही गाडी ओढू शकेल. असं होऊ शकतं. होऊ शकत असलं पाहिजे.

गोकुळनं चहा अर्धा ठेवला आणि माझ्या पाया पडून गेला. कुठल्या पायाला हात लावला ते मला कळलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

भानुमतीला घरी आणलं. हात गळ्यात. पोळ्या मी करतो, नकाशे होतात.

काकासाहेबांनी माझ्यासाठी कंबर कसली आहे. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनीच टाकलं की उस्मानपुऱ्यातल्या अमुक दुकानातून कुणीही काही बसवून घेऊ नये, आपल्या श्रीनिवासरावांचा जीव जाता जाता वाचला. ते पुढं कुठं कुठं गेलं देव जाणे. आज सांगत होते, "मी सोता जाऊन झापून आलो त्याला. माझ्या गावचा असला म्हणून काय झालं. दोन गाड्या काढायला आल्या होत्या माझ्यासमोर. लोक म्हणले, आमचं काढून दे आधी."

"तो काय म्हणाला?"

"काय म्हणणार? खाली मान घालून काढत होता."

मी म्हणालो, "जाऊ द्या आता, गरीब आहे." काकासाहेब म्हणाले, "तुमचं मन लई मोठं." मी ते ऐकून घेतलं.

कारखान्यात एखादा माल नापास करायचा तर त्याचं कारण लिहावं लागायचं. कारण नसताना मी एकही नग परत पाठवला नाही कधी. हे मी निवृत्तीच्या समारंभात भाषणात सांगितलं होतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

हे लिहावं की नाही, ठरत नव्हतं.

सकाळी गोकुळचा फोन आला. गाडी चिकलठाण्याच्या एका गॅरेजमध्ये उभी आहे, तिथं या म्हणाला, तुमच्यासमोर डबा बघायचाय. गेलो. गाडीचं तोंड पार आत गेलेलं, पण आतलं सगळं शाबूत. त्यानं बॅटरी जोडली. मोड्युल चालू केलं, हातानं ब्रेकचं पेडल दाबलं, मागं जाऊन पाहिलं. लाल दिवा लागला. क्रूझ सुटलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा दाबलं. पुन्हा सुटलं. किती वेळ तो ते करत होता. दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते.

"दर येळी सुटतंय काका. मग त्या दिवशी का नाय सुटलं?"

मी पेडलकडं बघत राहिलो.

"मला घरात झोप नाय. सोनिया म्हणती, दुकान बंद करू, गावाकडं जाऊ. म्या म्हणलो, आधी चूक सापडू दे. चूक सापडल्याबिगर दुसऱ्याच्या गाडीला हात कसा लावू?"

मी गाडीभोवती फिरत होतो, बघितल्यासारखं करत. मग त्यानं एकदम माझ्या पायाकडं पाहिलं.

"काका, रगत."

मागं वळलो तर फरशीवर माझ्या पावलांचे लाल ठसे, गाडीला गोल वळसा घालून आलेले. फुटलेल्या दिव्याची काच चपलेतून आरपार पायात घुसली होती. त्यानं मला टायरवर बसवलं, माझा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला, पक्कडीनं काच हळूच ओढली. बोटभर लांब होती. बाटलीतलं पाणी ओतलं, खिशातला रुमाल बांधला.

"दुखतंय का लई?"

मी म्हणालो, "थोडं."

"लई सोसता काका तुमी," तो म्हणाला.

मला काहीही दुखत नव्हतं. त्याच्या मांडीवरचा पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा मी बघत होतो. टेम्पोवाल्यानं सांगितलं ते अगदी खरं होतं. ब्रेकचा दिवा लागला नाही, कारण ब्रेकवर पाय नव्हताच. जीव खाऊन मी जे दाबत होतो ते ॲक्सिलरेटर होतं. गोकुळ माझ्या पायाशी बसून जी चूक शोधत होता ती त्याच्या मांडीवर होती, आणि तरीही मी त्याला सांगितलं नाही. रिक्षा करून घरी आलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

भानुमतीला सांगितलं. ती पलंगावर बसली होती, मी तिची वेणी घालायचा प्रयत्न करत होतो. तिची पाठ माझ्याकडं होती म्हणूनच बोलता आलं. म्हणालो, डब्यात दोष नव्हता. माझा पाय चुकला. मला पायाचं काही कळत नाही, पुष्कळ दिवस झाले.

"माहीत आहे," ती म्हणाली.

हातातली वेणी सुटली.

"कढत पाण्यात तुम्ही सरळ पाय घालता. मला बोट बुडवता येत नाही त्या पाण्यात. म्हणून गार घालत होते." मग म्हणाली, "चप्पल मी कचराकुंडीत पाहिली. अंगठा तुटला नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुम्हाला गाडी सोडा म्हणायचं मला जमलं नाही. चाळीस वर्षांत कधी जमलंय?"

"आणि त्या दिवशी शेजारी बसलीस."

"तुम्ही एकटे गेला असता ना. मी असले तर निदान ओरडता तरी येईल, असं वाटलं."

मी तिच्या मागं उभा होतो ते बरं झालं. तिला माझं तोंड दिसलं नाही आणि मला तिचं. मग ती म्हणाली, "माझं हाड जुळेल हो. त्या पोराला तुझा दोष नाही म्हणाले, पण कुणाचा आहे ते नाही सांगितलं. तेवढं माझ्याही पदरात आहे. जाऊन या त्याच्याकडं."

दवाखान्यात गोकुळ रडला तेव्हा मला तिचं मन मोठं वाटलं होतं. ती मला वाट करून देत होती, आणि मी त्याला चहा पाजायला घेऊन गेलो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काल डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी डोळे मिटायला लावून तळव्याला दोऱ्यासारखं काहीतरी टोचलं. म्हणाले, लागलं की सांगा. मी वाट पाहत राहिलो. डोळे उघडले तर त्यांचं टोचून कधीच झालं होतं. जखम धुतली, गोळ्या बदलल्या. गाडी बंद म्हणाले. मी मान डोलावली. इतकं सोपं होतं ते.

आज उस्मानपुऱ्याला गेलो. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. आत गोकुळ आणि सोनिया माल खोक्यांत भरत होते. मला बघून सोनियानं तोंड फिरवलं. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, सगळं. पाय, चप्पल, बटण, टेम्पोवाला. तुझ्या कामात खोट नव्हती, असं म्हणालो.

गोकुळ खोक्याला चिकटपट्टी लावत होता, तो थांबला.

"तुमाला तवाच कळलं होतं?"

"गाडी धडकली तेव्हा नाही. तू दवाखान्यात आलास तेव्हा कळायला लागलं होतं."

"मी रडलो त्या दिवशी."

"हो."

"तवा तुमी मला चहा पाजला."

मी हो म्हणालो. त्यानं माझ्याकडं इतका वेळ पाहिलं की मला खाली बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. सोनिया म्हणाली, "काका, यांनी जेवण सोडलं होतं. रोज उठून म्हणायचे, काकू मेल्या असत्या माझ्या हातानं." तिचा आवाज चढला नाही. "आणि गॅरेजात तुमच्या पायातली काच काढून आले, तर मला सांगत होते, काका लई सोशीक हायत."

"मी ग्रुपवर लिहितो," मी म्हणालो. "सगळ्यांना सांगतो."

"लिवा," गोकुळ म्हणाला. "तुमी जा आता."

३० नोव्हेंबर, रविवार

आधी काकासाहेबांना सांगितलं. ते पुष्कळ वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "मी त्याला भर बाजारात झापलं हो." आणि लगेच, "ग्रुपवर नका टाकू. कशाला आपली शोभा? मी हळूहळू चार लोकांच्या कानावर घालतो. पोराचं काम परत सुरू होईल. तुमचंही झाकून राहील."

खरं सांगायचं तर मोह झाला. घरी येऊन तासभर फोन हातात घेऊन बसलो. भानुमती समोर होती. शेवटी लिहिलं. अपघात माझ्या पायामुळं झाला. पाय बधिर आहे हे मी लपवलं. गोकुळच्या कामात दोष नव्हता, मी त्याच्यावर खोटा आळ घातला. नाव-गाव, दुकान सगळं लिहिलं.

उत्तरं यायला लागली. हात जोडलेली चित्रं. सर, तुमच्या प्रामाणिकपणाला सलाम. असं कबूल करायला मोठं काळीज लागतं. काळजी घ्या काका, तब्येत महत्त्वाची. एकानंही गोकुळचं नाव घेतलं नाही. मी त्याला बुडवलं त्याबद्दल लोक मलाच शाबासकी देत होते. पुन्हा एकदा लिहिलं, कृपया माझं कौतुक करू नका, त्याच्याकडं जा. त्यावर आणखी हात जोडलेले आले.

४ डिसेंबर, गुरुवार

काल सकाळी गोकुळ आणि काकासाहेब दोघं दारात. काकासाहेबांची गाडी रस्त्यावर उभी होती. काकासाहेबांनी दुकानात जाऊन त्याची माफी मागितली आणि गाडीला मोड्युल बसवून दे म्हणाले. त्यानं आधी नाही म्हटलं, मग बसवलं. हे काकासाहेबांनी सांगितलं. गोकुळ अंगणात उभा होता.

मी म्हणालो, "गोकुळ, आत ये."

"नाय. तुमी चला," तो म्हणाला. "माफी नको काका मला. गाडीत मागं बसा. मी चालवतो. क्रूझ लावून सावंगीपर्यंत जाऊन येऊ. लोकांनी बघू द्या तुमी मी डबा बसवलेल्या गाडीत बसलेले."

भानुमतीनं माझ्या पायात मोजे चढवले, बूट घातले, आत काही टोचत नाही ना म्हणून एका हातानं बुटात चाचपून पाहिलं. गल्लीत लोक बघत होते. गोकुळनं मुद्दाम गाडी सावकाश नेली. मी मागच्या सीटवर काच उघडी ठेवून बसलो. रसवंतीवाल्यानं हात केला. मला मान खाली घालावीशी वाटत होती. घातली नाही, कारण तो मला दाखवायला नेत होता.

हर्सूल मागं पडलं. रस्ता मोकळा झाला. त्यानं बटण दाबलं. "लागलं," म्हणाला. काकासाहेब पुढं त्याच्या शेजारी होते, ते खूश झाले. "च्यायला, खरंच आपली आपण पळतीय की." हर्सूलच्या तळ्याकडचा वारा आत येत होता.

मी वाकून दोन सीटमधून पुढं पाहिलं. पेडलकडं बघायची सवय जात नाही. ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता. जमिनीवरही नव्हता. गोकुळनं उजवा पाय ब्रेकच्या अगदी वर, हवेत उचलून धरला होता. न टेकवता. पोटरी ताणलेली, गुडघा थरथरत होता. क्रूझ ज्यासाठी असतं त्याच्या अगदी उलट. पायी चालणाऱ्यालाही इतका त्रास होत नसेल.

"गोकुळ, पाय खाली टेक ना," मी म्हणालो. "डबा चोख आहे."

त्यानं आरशात माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत.

"म्हाईत हाय काका," तो म्हणाला. "पण टेकत नाय आता."

सावंगीपर्यंत आणि परत घरापर्यंत त्यानं तो पाय तसाच धरला होता.